संघ उभा करणारा माणूस

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षांत या स्पर्धेत सहा हजार धावा आणि चारशे बळी ही दोन्ही शिखरं एकाच खेळाडूने गाठल्याची नोंद नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ थुंबा इथल्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या मैदानावर केरळ आणि उत्तर प्रदेश यांचा सामना झाला आणि ती नोंद झाली. खेळाडूचं नाव जलज सक्सेना. तो मूळचा इंदूरचा, केरळकडून खेळणारा, आणि महिनाभराने अडतिसावं वर्ष पूर्ण करणार होता. त्या सामन्यात त्याने अकरा बळी घेतले आणि केरळने डावाने विजय मिळवला.

आकडा मोठा आहेच, पण तो कशाचा बनला आहे ते आधी समजून घ्यायला हवं. चार दिवसांचा सामना म्हणजे सकाळी साडेनऊच्या आसपास सुरू होणारं आणि उन्हं उतरेपर्यंत चालणारं काम. फलंदाजाला बाद झाल्यावर तंबूत बसता येतं. गोलंदाजाला आपल्या संघाची फलंदाजी सुरू असताना पाय मोकळे सोडता येतात. अष्टपैलूला ही सुट्टी नसते. काल तीस षटकं टाकून खांदा भरून आलेला असताना आज पॅड बांधून चार बाद चाळीसवर मैदानात जावं लागतं आणि दोन तास खेळून परत आल्यावर पुन्हा चेंडू हातात घ्यावा लागतो. हे एका सामन्यात जमणारे पुष्कळ आहेत. ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, रेल्वे आणि विमानाचे प्रवास करत, वीस वर्षं जमवणारे फार थोडे. जलजच्या कारकिर्दीकडे पाहताना मला सर्वात आधी ही चिकाटी दिसते.

त्याचं नाव निघालं की मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा भारताकडून का खेळला नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी टाळणार नाही. जलजचा जन्म १५ डिसेंबर १९८६चा. रविचंद्रन अश्विनचा १७ सप्टेंबर १९८६चा. दोघं एकाच वयाचे, दोघं उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारे, दोघंही फलंदाजी करणारे. अश्विन २०११च्या नोव्हेंबरमध्ये पहिली कसोटी खेळला आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५३७ कसोटी बळी आणि सहा शतकं होती. त्याच्या जोडीला रवींद्र जडेजा होता. ते दोघे असताना तिसऱ्या जागेसाठी अक्षर पटेल, जयंत यादव, वॉशिंग्टन सुंदर रांगेत उभे होते. जलजची उमेदीची सगळी वर्षं नेमकी याच काळात गेली. आपल्या देशात असं आधीही घडलं आहे. रणजीत ६३७ बळी घेणारे राजिंदर गोयल आणि मुंबईचे पद्माकर शिवलकर हे दोघे डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले आणि एकही कसोटी खेळले नाहीत. पुण्यात नाबाद ४४३ धावा करणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांना कसोटीची टोपी मिळाली नाही. प्रथमश्रेणीत अकरा हजारांवर धावा करणाऱ्या अमोल मुजुमदारलाही नाही.

या सगळ्यांबद्दल आपण हळहळतो आणि हळहळ संपली की त्यांच्याबद्दलचं बोलणंही संपतं. माझं म्हणणं असं की तो प्रश्न पहिला असता कामा नये. जे त्याला मिळालं नाही त्यावरून एखाद्याची कारकीर्द मोजायची ठरवली, तर जे त्याने केलं ते पाहायचं राहूनच जातं. अष्टपैलू खेळाडूच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे : तो ज्या संघांत गेला त्या संघांचं काय झालं? जलजच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ठोस आहे, ते कागदावर आहे. या प्रस्तावनेत मला तेच मांडायचं आहे.

सुरुवात इंदूरपासून करायला हवी, कारण अष्टपैलू क्रिकेटचा त्या शहराशी जुना संबंध आहे. होळकरांचा संघ रणजीत १९४१-४२ ते १९५४-५५ एवढाच काळ खेळला. त्या चौदा हंगामांत तो दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, खंडू रांगणेकर, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशी नावं त्या संघात होती. होळकरांच्या आश्रयामुळे महाराष्ट्रातली आणि माळव्यातली गुणी माणसं तिथे एकत्र आली होती. त्या संघातले चंदू सरवटे हे अष्टपैलू माणसाचं ठळक उदाहरण. १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात सरे संघाविरुद्ध ओव्हलवर दहावा आणि अकरावा फलंदाज म्हणून उतरलेल्या सरवटे आणि शूट बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागीदारी केली आणि दोघांनीही शतकं ठोकली. संस्थानिकांचे संघ गेले, राज्यांचे संघ आले, होळकरांची जागा मध्य भारताने आणि पुढे मध्य प्रदेशाने घेतली. बॅट आणि चेंडू दोन्हींवर हक्क सांगणाऱ्या खेळाडूंची ही परंपरा लाभलेल्या शहरात जलज वाढला. त्याचा भाऊ जतीनही मध्य प्रदेशकडून खेळला.

जलजने २००५-०६च्या हंगामात मध्य प्रदेशकडून पदार्पण केलं. तिथे तो सलामीलाही जात असे आणि ऑफस्पिनही टाकत असे. सलामीचा फलंदाज आणि मुख्य फिरकीपटू एकच असणं ही जोडी आपल्याकडे क्वचित दिसते. दीडशे षटकं क्षेत्ररक्षण करून, त्यातली पस्तीस स्वतः टाकून, दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर नव्या चेंडूसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी क्लब क्रिकेट खेळलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मध्य प्रदेशसाठी त्याने दहाहून अधिक हंगाम हे केलं. अष्टपैलू म्हणून भारतीय क्रिकेट मंडळाचा लाला अमरनाथ पुरस्कारही मिळवला. त्या काळात मध्य प्रदेशच्या हाती करंडक आला नाही. पुढे २०२१-२२च्या हंगामात चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने बंगळुरूत मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा जलज तिथून निघून सहा वर्षं झाली होती.

२०१६-१७च्या हंगामात तो केरळला गेला. इथे ‘पाहुणा खेळाडू’ ही आपल्या देशांतर्गत क्रिकेटमधली व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी, कारण जलजच्या कारकिर्दीचा निम्मा अर्थ तिच्यात आहे. प्रत्येक राज्य संघाला बाहेरच्या राज्यातले जास्तीत जास्त तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. राज्य संघटना त्यांना वेगळं मानधन देते. पाहुणा आला की एका स्थानिक मुलाची जागा जाते, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा दुप्पट असते. धावा तर हव्यातच, शिवाय मुलांना काही शिकवायलाही हवं. ही व्यवस्था नीट वापरली की काय होतं हे आपण पाहिलं आहे. ऋषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली राजस्थानने २०१०-११ आणि २०११-१२ असा सलग दोनदा करंडक जिंकला. वसीम जाफर विदर्भात गेला आणि विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी दोन अजिंक्यपदं मिळवली. पाहुण्यांच्या तीन जागांपैकी एका जागेवर अष्टपैलू घेतला, तर संघाला एका जागेत फलंदाजही मिळतो आणि गोलंदाजही. केरळने नेमकं हेच केलं.

केरळ तेव्हा काय होतं? १९५७-५८पासून रणजी खेळणारं हे राज्य साठ वर्षांत एकदाही उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलं नव्हतं. जलजचा तिथला पहिला हंगाम तर सगळा तटस्थ मैदानांवर गेला, कारण त्या वर्षी मंडळाने रणजीचे सगळे सामने तसेच ठेवले होते. दुसऱ्या हंगामात, २०१७-१८ साली, डेव्ह व्हॉटमोर प्रशिक्षक असताना केरळ पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत गेलं. त्या हंगामात जलजने ४४ बळी घेतले, रणजीतले सर्वाधिक, आणि पाचशेवर धावाही केल्या. पुढच्याच वर्षी केरळ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचलं. २०२४-२५मध्ये पहिल्यांदा अंतिम फेरीत. केरळच्या इतिहासातल्या या तिन्ही पहिल्या पायऱ्या आणि तिन्ही वेळा जलज संघात. मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट दिसेल : या तिन्ही वेळा केरळची वाट विदर्भाने अडवली. सुरतला उपांत्यपूर्व सामन्यात, वायनाडला उपांत्य सामन्यात आणि नागपूरला अंतिम सामन्यात.

त्याच्या काही कामगिऱ्या नोंदवून ठेवतो. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये थुंब्याला आंध्रविरुद्ध त्याने १३३ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात ४५ धावांत आठ बळी घेतले. २०२३च्या जानेवारीत सेनादलाविरुद्ध ३६ धावांत आठ. त्या २०२२-२३च्या हंगामात त्याचे एकूण ५० बळी होते आणि त्याही वेळी यादीत त्याचंच नाव सर्वात वर होतं. २०२४च्या फेब्रुवारीत बंगालविरुद्ध पहिल्या डावात ६८ धावांत नऊ आणि सामन्यात तेरा बळी.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासायला हवा. यातल्या बऱ्याच कामगिऱ्या थुंब्याच्या आहेत. समुद्राच्या कडेला, रॉकेट प्रक्षेपण केंद्राच्या शेजारी असलेलं हे मैदान फिरकीला साथ देतं. मग यात गोलंदाजाचं श्रेय किती आणि खेळपट्टीचं किती? माझं उत्तर असं : खेळपट्टी दोन्ही संघांना सारखीच असते. त्याच मातीवर प्रतिस्पर्ध्यांचे फिरकीपटूही टाकत होते, आणि त्यांच्यासमोर धावा करायचं कामही जलजकडेच होतं. ज्या सामन्यात त्याने आठ बळी घेतले त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर, त्याच्या १३३ धावा आहेत. वळणाऱ्या खेळपट्टीवर चेंडू वळवणं सोपं असतं; तो सहा-सहा तास एकाच जागी पडत राहील, फलंदाजाला पुढे येण्याचा मोह होईल आणि शॉर्ट लेगला झेल जाईल असं टाकत राहणं सोपं नसतं. अनुकूल खेळपट्टीचा फायदा सामना जिंकण्याइतका करून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे.

शिवाय त्याच्या कारकिर्दीतले अत्यंत मोलाचे दोन सामने थुंब्याचे नाहीत. पहिला आपल्या पुण्याजवळचा, गहुंजेचा. २०२५च्या फेब्रुवारीत जम्मू-काश्मीरविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. जम्मू-काश्मीरने २८० धावा केल्या आणि केरळची अवस्था तीन बाद ११ झाली. जलज आणि अक्षय चंद्रन यांनी डाव सावरला. जलजच्या ६७ धावा झाल्या. पुढे सलमान निझारने नाबाद शतक केलं, शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या आणि केरळचा डाव २८१ वर संपला. आघाडी एका धावेची. सामना अनिर्णित राहिला आणि त्या एका धावेवर केरळ पुढे गेलं. बाद फेरीत सामना निकाली निघाला नाही तर पहिल्या डावातली आघाडी निर्णायक ठरते हा रणजीचा नियम. त्यामुळे तीन बाद ११ नंतरची प्रत्येक धाव, अंगावर लागून मिळालेली एकेरी धावसुद्धा, त्या दिवशी संघाला उपांत्य फेरीकडे नेत होती. अर्धशतकाचं मोल धावफलकावर कळत नाही ते असं.

दुसरा सामना अहमदाबादचा, गुजरातविरुद्धचा उपांत्य सामना. केरळने ४५७ धावा केल्या. गुजरातचा डाव जवळपास पावणेदोनशे षटकं चालला. खेळपट्टी निर्जीव होती, प्रियांक पांचाल १४८ करून गेला. जलज टाकत राहिला. १४९ धावांत त्याने चार बळी घेतले. आकडेवारीत हे दिसायला साधं आहे, पण अडतिसाव्या वर्षी दोन दिवस एकाच टोकाकडून हे करणं हा कष्टाचा वेगळाच प्रकार आहे. चौथ्या दिवसअखेर गुजरात सात बाद ४२९. पाचव्या सकाळी उरलेले तिन्ही बळी आदित्य सरवटेने घेतले. तो विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू, त्या वर्षी केरळचा पाहुणा. शेवटची जोडी खेळत होती, आघाडीला तीनच धावा कमी होत्या. अर्झान नागवासवालाने जोरदार फटका मारला. चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, उंच उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला. गुजरात सर्वबाद ४५५. दोन धावांची आघाडी, आणि केरळ अंतिम फेरीत. त्या झेलाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. तिथपर्यंत डाव नेऊन पोहोचवणारी आदल्या दिवसाची गोलंदाजी फारशी कुणी पाहिली नाही. या कारकिर्दीचं स्वरूप मला त्या डावात दिसतं : शेवटचा क्षण दुसऱ्याचा, तो क्षण शक्य करणारे चार बळी जलजचे.

नागपूरच्या जामठा मैदानावरच्या अंतिम सामन्यात विदर्भाने ३७९ धावा केल्या, केरळने ३४२. सामना अनिर्णित राहिला आणि आघाडीवर विदर्भ विजेता झाला. रणजी करंडक जलजला हाती घेता आला नाही.

देशांतर्गत क्रिकेटमधल्या पैशाबद्दलही बोलायला हवं, कारण खेळाडूचं आयुष्य त्यावर चालतं. २०२१ साली मंडळाने देशांतर्गत मानधन वाढवलं. चाळीसहून अधिक प्रथमश्रेणी सामने खेळलेल्यांना दिवसाला साठ हजार रुपये ठरले. त्यामुळे आयपीएलशिवायही क्रिकेटवर घर चालवता येतं. पण सामना झाला तरच ते पैसे मिळतात. २०२०-२१मध्ये करोनामुळे रणजी स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच झाली नाही, तेव्हा चौतिशीतल्या जलजसारख्या खेळाडूचं हाताशी असलेलं एक पूर्ण वर्ष गेलं. आयपीएलमध्ये तो वेगवेगळ्या संघांच्या ताफ्यात होता, पण प्रत्यक्ष मैदानात उतरला एकाच सामन्यात : २०२१ साली पंजाबकडून, वानखेडेवर, दिल्लीविरुद्ध. वीस षटकांच्या क्रिकेटने त्याला नाव दिलं नाही, पैसाही फारसा दिला नाही. त्याने जे मिळवलं ते चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये मिळवलं. अशी कारकीर्द यापुढे किती जणांना करता येईल, हा प्रश्न आपल्या क्रिकेट व्यवस्थेने मनावर घ्यावा असा आहे.

याच वाटेवर आपल्याकडे साईराज बहुतुले चालून गेला आहे. मुंबईचा हा लेगस्पिनर दोनच कसोटी सामने खेळला. प्रथमश्रेणीत मात्र त्याने सहा हजारांवर धावा केल्या आणि ६३० बळी घेतले, कारकिर्दीच्या उत्तरार्धात महाराष्ट्रासह इतर राज्यांकडून खेळला आणि पुढे प्रशिक्षक झाला. अमोल मुजुमदार तर २०२५च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. देशांतर्गत क्रिकेटमध्ये वीस वर्षं मुरलेल्या माणसाकडे किती ज्ञान साठलेलं असतं, याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

२०२५-२६च्या हंगामात जलज महाराष्ट्राकडे आला. पहिलाच सामना तिरुवनंतपुरमला, तोही केरळविरुद्ध. महाराष्ट्राचे पहिले तीन फलंदाज फलकावर एकही धाव लागण्याआधी बाद झाले, आणि बघता बघता पाच बाद १८. समोर नव्या चेंडूने मारा करणारा निधीश हा गेल्या हंगामापर्यंतचा त्याचा सहकारी. जलज आणि ऋतुराज गायकवाड यांनी सहाव्या जोडीसाठी १२२ धावा जोडल्या. ऋतुराज ९१ वर बाद झाला, जलज ४९ वर. एका धावेने अर्धशतक हुकलं, पण महाराष्ट्र २३९ पर्यंत पोहोचला. केरळला २१९ वर रोखलं गेलं आणि वीस धावांच्या आघाडीचे तीन गुण महाराष्ट्राला मिळाले. नव्या संघात, नव्या टोपीखाली, पहिल्याच दिवशी त्याने जुनंच काम केलं.

महाराष्ट्राने रणजी जिंकली ती प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. त्यानंतर १९९२-९३ आणि २०१३-१४मध्ये अंतिम फेरी गाठूनही करंडक हाती आला नाही. आपल्याकडे नाशिक, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथून गुणी मुलं येतात. डाव कोसळल्यावर काय करायचं आणि बळी मिळत नसताना तिसऱ्या सत्रात टप्पा कसा राखायचा, हे त्यांना दाखवणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये असणं ही मोठी गोष्ट आहे. केरळला अंतिम फेरीपर्यंत जायला त्याच्यासह आठ हंगाम लागले. महाराष्ट्राला तेवढा वेळ तो देऊ शकणार नाही, कारण त्याचं वय चाळिशीकडे झुकलं आहे. म्हणून जे शिकायचं ते आत्ता शिकायला हवं.

पुढची पानं वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक सामन्याच्या धावफलकात जलजच्या नावासमोरचा आकडा पाहिलात की लगेच वर नजर टाका आणि तो फलंदाजीला आला तेव्हा संघाचे किती बळी गेले होते ते पाहा. गोलंदाजीच्या रकान्यात बळींआधी षटकं पाहा. या दोन आकड्यांत त्याची कारकीर्द आहे. ती पूर्ण आहे, आणि तिला भारताच्या टोपीची जोड नसली तरी तीन राज्यांच्या क्रिकेटमध्ये तिचा वाटा आहे. असा वाटा उचलणाऱ्यांची दखल त्यांच्या खेळत्या वयातच घेतली जावी, यासाठी हा सगळा खटाटोप.